श्रॉपशायरच्या कारभाऱ्यांना खुले पत्र : प्रेक्षणीय स्थळे आहेत, पण जायचे कसे?

प्रति,
श्रॉपशायरमधील प्रेक्षणीय स्थळांचे विश्वस्त आणि व्यवस्थापक, तसेच इंग्लंडमधल्या या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बसवाहतुकीविषयी निर्णय घेणारे लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांस

विषय : मोटार नसलेल्या माणसांना काउंटीतील स्थळे पाहता यावीत याबाबत

महोदय, महोदया,

यंदाच्या उन्हाळ्यासाठी काढलेले एक दिवसाच्या सहलींचे रंगीत पत्रक सध्या आमच्या भागातल्या वाचनालयात, दवाखान्यात आणि चहाच्या दुकानांत ठेवलेले दिसते. पत्रक देखणे आहे. काउंटीतले किल्ले, मठांचे अवशेष, बागा, संग्रहालये आणि डोंगर यांची त्यात चांगली ओळख करून दिलेली आहे. प्रत्येक स्थळापुढे मोटारीच्या नकाशात घालायचा पोस्टकोड आहे, वाहनतळाचे शुल्क आहे, कुत्र्याला आत सोडतात की नाही हेही आहे. तिथे बसने किंवा रेल्वेने कसे जावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संध्याकाळी परत कसे यावे, याविषयी मात्र एक ओळही नाही. पत्रक कोणी काढले ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा एका संस्थेचा दोष नाही. या काउंटीत सहलीला निघणाऱ्याकडे मोटार असणारच, हे सगळ्यांनीच इतके धरून चालले आहे की त्याचा उल्लेख करण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. मला ते मान्य नाही, आणि ते गुपचूप सोसण्याचीही आता माझी तयारी नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे, की टेलफर्ड, वुल्व्हरहॅम्प्टन आणि बर्मिंगहॅम या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे, आणि त्यांच्याकडे सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर येणारे त्यांचे आईवडील, यांचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. मुले-सुना कामावर गेल्यावर दिवसभर खिडकीशी बसणारी ही माणसे आपल्या पर्यटनाच्या हिशेबात कुठेच नसतात. त्यांनीही आपल्याला पत्रे लिहावीत, अशी माझी इच्छा आहे.

माझ्याविषयी थोडक्यात सांगते. मी निवृत्त परिचारिका आहे. माझे माहेर देवगड तालुक्यातले. नोकरीची बहुतेक वर्षे मात्र इंग्लंडच्या याच भागातल्या रुग्णालयांत आणि वृद्धनिवासांत गेली. मोटार चालवत होते तोवर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला स्टोकसेचा गढीवजा वाडा आणि आयर्नब्रिजचा पूल दाखवल्याशिवाय मी सोडले नाही. पुढे डोळ्यांचा विकार जडला. या देशात वाहनचालकाला, लागत असल्यास चष्मा लावून, वीस मीटरवरची नंबर प्लेट वाचता यावी लागते; ती वाचता येईना तेव्हा मी परवाना परत केला, आणि ते योग्यच झाले. पण चालायला पाय धड आहेत, डोक्यावर टोपी आणि पिशवीत डबा घेऊन दिवसभर हिंडण्याची हौस आहे, सवलतीचा पासही आहे. आणि तरीही ज्या काउंटीत मी इतकी वर्षे कर भरला तिचा बराच भाग मला आता फक्त त्या रंगीत पत्रकात पाहायला मिळतो. हीच स्थिती मोटार न परवडणाऱ्या कुटुंबांची आहे, दृष्टिहीनांची आहे, अपस्माराच्या रुग्णांची आहे आणि ज्यांना सतरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोटार चालवण्याची परवानगीच नाही त्या सगळ्या मुलांची आहे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार रविवारची. काउंटीतल्या बहुतेक ग्रामीण मार्गांवर रविवारी बस धावत नाही. दुकानांत, वृद्धनिवासांत आणि गोदामांत काम करणाऱ्यांना शनिवार मोकळा मिळतोच असे नाही. घरातली सगळी माणसे एकत्र मोकळी असतात ती रविवारी किंवा बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, आणि नेमक्या त्याच दिवशी थांब्यावरच्या वेळापत्रकात सेवा नसल्याचे लिहिलेले असते. इंग्लंडमध्ये निवृत्तिवेतनाच्या वयाच्या आणि अपंग माणसांना १ एप्रिल २००८ पासून देशभरातल्या स्थानिक बसमधून विनाशुल्क प्रवासाचा हक्क आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपासून, आणि शनिवार-रविवारी तर दिवसभर. म्हणजे कायद्याने मला रविवारी पूर्ण मोकळीक दिली, आणि वेळापत्रकाने ती काढून घेतली. तिकिटाच्या कमाल दराचेही तेच. तो जानेवारी २०२३ मध्ये दोन पौंड ठरवला गेला आणि २०२५ च्या आरंभी तीन पौंड झाला. दोन की तीन यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली; जिथे बसच येत नाही तिथे ती निरर्थक आहे.

दुसरी तक्रार आयर्नब्रिजची, आणि ती जरा सविस्तर मांडते, कारण या काउंटीत जगाने पाहायला यावे असे जे आहे त्यात ही दरी सर्वांत वरची आहे. लोखंड वितळवण्यासाठी लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरण्यात पहिल्या अब्राहम डार्बी या कारखानदाराला १७०९ मध्ये याच दरीतल्या कोलब्रुकडेलला यश आले. त्याच्या नातवाने सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाचा पूल १७७९ मध्ये उभा केला आणि १ जानेवारी १७८१ रोजी तो रहदारीला खुला झाला. एवढा मोठा लोखंडी पूल तोपर्यंत जगात कुठे नव्हता. पुलाच्या टोलनाक्यावरची पाटी मी प्रत्येक पाहुण्याकडून मोठ्याने वाचून घेत असे, कारण राजघराण्यातल्या माणसांनाही टोल भरावा लागेल असे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले आहे. युनेस्कोने १९८६ मध्ये या दरीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. गंमत म्हणजे हा पूल १९३४ पासून वाहनांना बंद आहे, त्यावरून फक्त पायी जाता येते. पण त्या पायी चालण्यापर्यंत पोहोचायला मोटार लागते. दरीतून जाणारी रेल्वे १९६३ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. आता जवळचे मोठे स्थानक म्हणजे टेलफर्ड सेंट्रल. टेलफर्डहून बस आहे हे मी नाकारत नाही. मात्र इथे एक संग्रहालय नाही, दहा आहेत, आणि ती दरीभर विखुरलेली आहेत : एकीकडे कोलब्रुकडेलची भट्टी, दुसरीकडे जॅकफील्डचा फरशांचा कारखाना, कोलपोर्टची चिनीमातीची भांडी, आणि चढावर ब्लिस्ट्स हिलचे व्हिक्टोरियन गाव. रस्ते अरुंद आणि उतार तीव्र आहेत. यांतल्या दोन-तीन जागा एका दिवसात पाहायच्या तर त्यांना जोडणारी, दर अर्ध्या-पाऊण तासाने फिरणारी छोटी बस हवी, आणि ती सुट्टीच्या दिवशी भरवशाने असायला हवी. जागतिक वारशाच्या पाटीबरोबर ही जबाबदारीही येते, असे मला वाटते.

तिसरी तक्रार डोंगरांची. श्रॉपशायरच्या डोंगराळ भागाला १९५८ पासून निसर्गसौंदर्याचा संरक्षित प्रदेश म्हणून मान्यता आहे. लाँग मिंडचे पठार ५१६ मीटर, स्टायपरस्टोन्सची खडकाळ धार ५३६ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल, पण ऑगस्टमध्ये हेदरची खुरटी झुडपे फुलल्यावर ते पठार जांभळे होते तेव्हा आपल्याकडच्या कास पठाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. चर्च स्ट्रेटनला रेल्वे स्थानक आहे, आणि तिथून कार्डिंग मिलची घळ धडधाकट माणसाला चालत गाठता येते. माथ्यावर किंवा पलीकडे स्टायपरस्टोन्सला जायचे असेल तर मात्र बसच हवी. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिथे एक शटल बस धावते आणि ती चालवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. पण तिचे भवितव्य दरवर्षी नव्याने निधी मिळण्यावर अवलंबून ठेवणे योग्य नाही. दरम्यान घळीतल्या अरुंद रस्त्यावर उन्हाच्या दिवशी मोटारींच्या रांगा लागतात, वाहनतळ भरतात आणि माणसे गवतावर गाड्या चढवतात. म्हणजे ज्या निसर्गासाठी हा प्रदेश राखून ठेवला त्याचेच यात नुकसान आहे.

चौथी तक्रार वेळांच्या मेळाची. जिथे रेल्वे आणि बस दोन्ही आहेत तिथे त्या एकमेकींना ओळखत नाहीत. रेल्वे स्थानकात शिरते त्याच सुमारास बस निघून गेलेली असते, आणि संध्याकाळची शेवटची बस स्थळ बंद होण्याच्या आधीच सुटते. मच वेनलॉकचे उदाहरण घ्या. डॉ. विल्यम पेनी ब्रुक्स यांनी १८५० पासून तिथे खेळांचे सामने भरवले. ते पाहायला १८९० मध्ये बॅरन पिएर द कुबर्तँ स्वतः आले, आणि पुढच्या काही वर्षांतच आधुनिक ऑलिंपिकची चळवळ उभी राहिली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या शुभंकराला या गावाचे नाव दिले गेले. शिवाय मठाचे भव्य अवशेष आहेत, आणि वेनलॉक एज ही चुनखडीची लांबलचक धार म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातली प्रवाळभित्ती आहे. एवढ्याशा गावात एवढे सगळे असताना तिथे जाणाऱ्याने दुपारपासून घड्याळाकडे पाहत बसावे लागू नये.

याउलट जिथे सोय आहे तिथे काय होते तेही पाहावे. कॉस्फर्डच्या हवाई दल संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही आणि जवळच रेल्वे स्थानक आहे. बर्मिंगहॅमच्या बाजूची मराठी कुटुंबे मुलांना घेऊन तिथे आपसूक जातात. लडलोला स्थानकावरून चालत किल्ल्यात जाता येते. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये ज्या किल्ल्यात वारला तो हा किल्ला, आणि त्याच्या दारातच भरणारा बाजार पाहुण्यांना किल्ल्याइतकाच आवडतो. श्रूजबरीत चार्ल्स डार्विनचा जन्म १८०९ मध्ये झाला, आणि १७९७ मध्ये उभी राहिलेली, लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारतही तिथेच आहे. ही अंबाडीची गिरणी डागडुजी होऊन २०२२ मध्ये लोकांसाठी उघडली गेली.

श्रूजबरीच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचाही पुतळा आहे, १८६० मध्ये बसवलेला. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेणाऱ्या मोहिमेत, ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर, जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख तो होता. पुतळा ठेवावा की हलवावा हा वाद २०२० मध्ये होऊन गेला आणि तो मी इथे उकरून काढत नाही. मात्र माझ्या माहेरच्या तालुक्यातल्या त्या विजयदुर्गापर्यंत आजही एसटी जाते, आणि क्लाइव्हच्या काउंटीतल्या कितीतरी स्थळांपर्यंत रविवारी काहीच जात नाही, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. एसटीची मी उगाच तारीफ करणार नाही. फाटक्या सीटा आणि बंद पडलेल्या गाड्या मीही भोगल्या आहेत. पण 'गाव तिथे एसटी' हे निदान ध्येय म्हणून कोणी तरी बोलून दाखवले, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, तेव्हा त्या सवलतीमागे चढायला गाडी होती. 'गाव तिथे बस' असे श्रॉपशायरमध्ये आपण कोणी जाहीरपणे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पैसे नाहीत, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. इथल्या काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, २०२५ मध्ये आर्थिक आणीबाणी जाहीर केली, आणि खर्चाचा मोठा वाटा वृद्ध व मुलांच्या देखभालीवर जातो. त्या देखभालीच्या कामातच माझे आयुष्य गेल्यामुळे त्यातला एक पेनीही काढून घ्यावा असे मी सुचवणार नाही. लंडनबाहेरच्या बससेवा १९८५ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांच्या हाती गेल्या, नफ्याचा मार्ग त्या चालवतात आणि उरलेला काउन्सिलने पैसे देऊन चालवून घ्यायचा असतो, हेही मी जाणते. तरीही दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक, २०२५ च्या नव्या बससेवा कायद्याने कोणत्या सेवा सामाजिकदृष्ट्या आवश्यक आहेत हे ठरवण्याचे काम स्थानिक वाहतूक प्राधिकरणांवर सोपवले आहे, आणि त्या व्याख्येत जीवनावश्यक गरजा आणि रोजगार यांच्या जोडीला सामाजिक कार्यक्रमांपर्यंत पोहोचणेही आहे. नातवंडांबरोबर मठाच्या अवशेषांत घालवलेली दुपार त्यात बसत नसेल तर दुसरे काय बसेल? दोन, हॅड्रियनच्या भिंतीलगत नॉर्थम्बरलँडमध्ये हंगामात धावणारी बस पाहा. भिंतीचे काम ज्या वर्षी सुरू झाले, त्या इसवी सन १२२ वरून तिला क्रमांक दिला आहे, आणि ती रेल्वे स्थानकांना रोमन ठाण्यांशी जोडते. तोही ग्रामीण भाग आहे, तिथेही वस्ती विरळ आहे, आणि तिथेही पैशांची चणचण नसेल असे नाही. आपल्याकडे रॉक्सिटरला रोमन ब्रिटनमधल्या चौथ्या क्रमांकाच्या मोठ्या शहराचे अवशेष आहेत, त्यांतली सात मीटर उंचीची भिंत आजही उभी आहे, आणि श्रूजबरीपासून अंतर पाचेक मैल आहे. त्याच बाजूला ॲटिंगमचा प्रासाद आणि त्याची हरणांची बाग आहे. या दोन ठिकाणांसाठी एक रविवारची फेरी सुरू करणे अशक्य नसावे.

बाहेरून येणाऱ्यांची वाटही सोपी राहिलेली नाही. लंडनहून श्रूजबरीला थेट येणारी रेल्वे जून २०२४ पासून बंद आहे. तो निर्णय आपल्या हातात नव्हता. पण त्यामुळे जे प्रवासी गाडी बदलून, सामान सांभाळत इथवर येतात, त्यांना पुढचा रस्ता दाखवण्याची जबाबदारी उलट वाढली आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

प्रत्येक स्थळाच्या पत्रकात, संकेतस्थळावर आणि दारावरच्या पाटीवर जवळचा थांबा, जवळचे स्थानक, तिथून चालण्याचे अंतर, पदपथ आहे की नाही आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ छापावी. वेळापत्रक बदलले की ती माहितीही बदलावी. याला जवळजवळ काहीच खर्च नाही, त्यामुळे याची सुरुवात लगेच व्हावी.

मे ते सप्टेंबर या काळात, रविवारी आणि बँक हॉलिडेला, रेल्वे स्थानकांपासून सुटणाऱ्या चार फेऱ्या सुरू कराव्यात : चर्च स्ट्रेटनहून लाँग मिंड आणि स्टायपरस्टोन्स, क्रेव्हन आर्म्सहून स्टोकसे, क्लन आणि बिशप्स कासल, टेलफर्ड सेंट्रलहून आयर्नब्रिजची संपूर्ण दरी आणि मच वेनलॉक, श्रूजबरीहून ॲटिंगम आणि रॉक्सिटर. गाडी छोटी असली तरी चालेल. ती रेल्वेच्या वेळेशी जुळलेली असावी, आणि स्थळे बंद झाल्यानंतर किमान अर्ध्या तासाने शेवटची फेरी सुटावी. या फेऱ्यांना एका उन्हाळ्यापुरती नव्हे, निदान तीन वर्षांची हमी द्यावी. नव्या बसची सवय लागायला लोकांना वेळ लागतो, आणि पहिल्याच हंगामात रिकाम्या जागा मोजून ती बंद करणे सोपे असते.

खर्चासाठी, स्थळांच्या वाहनतळांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या फेऱ्यांकडे वळवावा आणि तो किती ते दरवर्षी जाहीर करावे. बस किंवा रेल्वेचे तिकीट अथवा पास दाखवणाऱ्याला प्रवेशशुल्कात सवलत द्यावी.

सामाजिकदृष्ट्या आवश्यक सेवांची यादी करताना सहलीच्या स्थळांकडे जाणारे मार्ग वगळू नयेत, आणि यादी पक्की होण्यापूर्वी मोटार न चालवणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्यासाठीची सभा दुपारी, बसने येता येईल अशा ठिकाणी आणि अशा वेळी घ्यावी, ही विनंती मी गांभीर्यानेच करते आहे.

यांतल्या कोणत्या मागण्या आपल्याला मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे हिवाळी वेळापत्रक लागू होण्यापूर्वी लेखी कळवावे. आपले उत्तर मी मराठीत आणून, हे पत्र जिथे प्रसिद्ध होते आहे तिथेच, कसलीही काटछाट न करता प्रसिद्ध करेन.

आपली विश्वासू,
श्रॉपशायरमध्ये राहणारी एक निवृत्त परिचारिका